व्यवस्थापकांची व्यावसायिक संस्था : प्रयोजन आणि कारभार

आपल्या रुग्णालयाच्या उत्पन्न-खर्च पत्रकात 'व्यावसायिक संस्थांची वर्गणी व प्रशिक्षण' या शीर्षाखाली दरवर्षी एक लहानशी रक्कम दिसते. एकूण खर्चाच्या मानाने ती फार थोडी आहे. तथापि वार्षिक सभेत तिच्याविषयी प्रश्न विचारला जातो आणि तो विचारला जावा असेच आम्हांस वाटते. देणगीदारांनी रुग्णसेवेसाठी विश्वासाने दिलेल्या पैशातून प्रशासन विभागातील अधिकाऱ्यांची वर्गणी का भरावी? डॉक्टरांच्या परिषदेचे वा परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे महत्त्व कोणासही पटते. परंतु मॅनेजर मंडळींनी एकत्र जमल्याने खाटेवरील रुग्णाचे कोणते भले होते? या प्रश्नाचे सविस्तर उत्तर सभेच्या मर्यादित वेळेत देता येत नाही. सबब व्यवस्थापकांच्या व्यावसायिक संस्थेचे प्रयोजन काय, तिचा कारभार कसा चालतो आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

नोंदवहीत नाव नसलेला अधिकारी

रुग्णालयात काम करणाऱ्या बहुतेक जबाबदार व्यक्तींचे नाव कोणत्या ना कोणत्या कायदेशीर नोंदवहीत असते. आपल्या राज्यात व्यवसाय करणाऱ्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. परिचारिकांची नोंद परिचर्या परिषदेकडे असते. औषधभांडारातील फार्मासिस्टची नोंद १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली होते. आमचे हिशेब तपासणारे लेखापरीक्षक १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने बांधलेले असतात. यांपैकी कोणाच्या हातून गंभीर गैरवर्तन घडले, तर चौकशी होऊन नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते. नाव कमी झाले की व्यवसाय थांबतो. या भीतीचा आणि या प्रतिष्ठेचा लाभ शेवटी रुग्णाला मिळतो.

२०२१ मध्ये संसदेने संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संमत केला. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ इतकेच नव्हे, तर वैद्यकीय अभिलेख सांभाळणारे कर्मचारीही नोंदणीच्या कक्षेत आले. रुग्णालयाच्या प्रशासकाचा मात्र त्या यादीत समावेश नाही. ज्याच्या सहीने खरेदी होते, ठेका दिला जातो, दर ठरतात आणि माणसे नेमली जातात, त्या अधिकाऱ्यासाठी आपल्या देशात कायद्याने ठेवलेली नोंदवही नाही. त्याने अमुक परीक्षा उत्तीर्ण केलीच पाहिजे किंवा अमुक आचारसंहिता पाळलीच पाहिजे, असे सांगणारी वैधानिक परिषद नाही.

ही उणीव कागदापुरती नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षास आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. या दुर्घटनांत कोण दोषी, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु या दोन्ही ठिकाणी संकट आले ते चुकीच्या निदानातून वा औषधातून नव्हे, तर इमारत आणि यंत्रसामग्री यांच्या बाजूने आले, ही गोष्ट आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने मनात कोरून ठेवावी अशी आहे. विजेच्या तारा, ऑक्सिजनची वाहिनी, अग्निशमनाची व्यवस्था, देखभालीचा करार आणि रात्रपाळीस नेमलेला कर्मचारी या सर्व बाबी प्रशासनाच्या आहेत. व्यवस्थापकाचे ज्ञान आणि त्याची सचोटी यांवरही रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

मग ज्यांच्यासाठी कायद्याची नोंदवही नाही, त्यांच्या ज्ञानाची आणि वर्तनाची हमी कोणी द्यावी? व्यवस्थापकांची व्यावसायिक संस्था निर्माण झाली ती या प्रश्नातून. कायद्याने न घातलेले बंधन व्यावसायिकांनी आपणहून स्वीकारावे, हे तिचे मूळ प्रयोजन होय.

थोडा पूर्वेतिहास

रुग्णालयाचे प्रशासन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव अमेरिकेत १९३० च्या सुमारास दृढ झाली. १९३३ मध्ये शिकागो येथे रुग्णालय प्रशासकांचे 'अमेरिकन कॉलेज' स्थापन झाले. 'कॉलेज' म्हटले तरी ते महाविद्यालय नव्हते; ती समव्यावसायिकांची संस्था होती. लगेच पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, शिकागो विद्यापीठाने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ती संस्था आज 'अमेरिकन कॉलेज ऑफ हेल्थकेअर एक्झिक्युटिव्ह्ज' या नावाने कार्यरत आहे. तिची 'फेलो' ही पदवी मिळविण्यास शिक्षण, अनुभव आणि परीक्षा आवश्यक असते. एकदा मिळालेली पदवी आयुष्यभर पुरत नाही. दर तीन वर्षांनी नवे शिक्षण घेतल्याचे दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. सभासदाविरुद्ध तक्रार आल्यास ती नीतिविषयक समितीपुढे जाते.

आपल्याकडे व्यवस्थापकांच्या संस्थांची उभारणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात झाली. मुंबईत १९५४ साली बॉम्बे मॅनेजमेंट असोसिएशन आणि अखिल भारतीय पातळीवर १९५७ साली ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या स्थानिक मॅनेजमेंट असोसिएशन या शिखर संस्थेशी संलग्न असतात. या संस्था सर्वच उद्योगांतील व्यवस्थापकांसाठी आहेत. खास रुग्णालय प्रशासकांसाठी १९८७ मध्ये 'अकॅडमी ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन' ही संस्था सुरू झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या शिक्षणसंस्थांतूनही रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतलेले विद्यार्थी या व्यवसायात येऊ लागले. त्यापूर्वी आमच्यासारखी वाणिज्य शाखेची माणसे हिशेब विभागातून वर येत आणि बाकीचे काम प्रत्यक्ष अनुभवाने शिकत.

संस्थेची तीन कामे

अशा संस्थेची कामे मुख्यतः तीन आहेत.

पहिले काम ज्ञानाच्या देवाणघेवाणीचे. रुग्णालयास लागू होणारे नियम सतत बदलत असतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे १९९८ चे नियम जाऊन २०१६ मध्ये नवे आले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. पुढे १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या खोलीवर कर लागू झाला. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना फार महत्त्वाची आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. हा निधी बिलात कसा दाखवावा, उत्पन्नाच्या कोणत्या दाखल्यावर रुग्णास सवलत द्यावी, रात्री दाखल झालेल्या आणि कागदपत्रे जवळ नसलेल्या गरिबास कसे सामावून घ्यावे, हे प्रश्न प्रत्येक धर्मादाय रुग्णालयापुढे असतात. प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात बसून उत्तरे शोधण्यापेक्षा, दहा रुग्णालयांच्या प्रशासकांनी आपापली पद्धत टेबलावर मांडली, तर चांगली पद्धत लवकर रुळते. तिचा लाभ खिडकीपुढे उभ्या असलेल्या नातेवाइकांस होतो.

दुसरे काम पात्रतेचे मोजमाप ठरविण्याचे. कायदा पात्रता ठरवीत नसल्यामुळे संस्थेने घेतलेली परीक्षा, दिलेले प्रमाणपत्र आणि ठेवलेली सभासदांची यादी यांस महत्त्व येते. एखाद्या विश्वस्त मंडळास प्रशासक नेमावयाचा असेल, तर उमेदवाराचा अर्ज पाहताना ही एक बाब हाताशी राहते.

तिसरे काम आचारसंहितेचे. खरेदीत स्वतःचा वा नातलगांचा हितसंबंध असल्यास तो लेखी जाहीर करावा. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ देऊ नये. पुरवठादाराकडून लाभ घेऊ नये. गैरव्यवहाराची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यास त्रास देऊ नये. या गोष्टी लेखी असाव्या लागतात. त्या मोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्व काढून घेण्याची तरतूद घटनेत असावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही संस्था म्हणजे व्यवस्थापकांची युनियन नव्हे. पगार आणि सेवाशर्ती यांसाठी वाटाघाटी करणाऱ्या संघटनांसाठी वेगळा कायदा आहे. व्यावसायिक संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदल्या जातात. त्या कायद्याने मान्य केलेल्या उद्दिष्टांत उपयुक्त ज्ञानाचा प्रसार हे एक आहे. संस्थेने सभासदांच्या भल्यासाठी झटावे, पण ते ज्ञानाच्या आणि सचोटीच्या मार्गाने, ही मर्यादा तिच्या नोंदणीतच अभिप्रेत आहे.

कारभार कसा चालतो

दुसऱ्यांच्या वर्तनास वळण लावू पाहणाऱ्या संस्थेने आधी स्वतःचा कारभार चोख ठेवला पाहिजे. या बाबतीत १८६० चा कायदा जुना असला तरी त्यातील काही तरतुदी आजही विचारपूर्वक वाचण्याजोग्या आहेत.

किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. उद्देशपत्रात संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे असतात. दैनंदिन कारभाराचे नियम नियमावलीत असतात. दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्यास मत देता येत नाही. ही तरतूद लहान दिसते. परंतु निवडणुकीच्या तोंडावर नावापुरते सभासद गोळा करून संस्था ताब्यात घेण्याच्या प्रकारास तिने काही प्रमाणात आळा बसतो.

उद्दिष्टे बदलावयाची असतील, तर प्रस्ताव १० दिवस आधी सभासदांच्या हाती द्यावा लागतो, विशेष सभेत तीनपंचमांश मते मिळवावी लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढ्याच बहुमताने ठराव कायम करावा लागतो. उत्साहाच्या भरात मूळ हेतू बदलू नये म्हणून हा महिन्याचा अवधी आहे. संस्था विसर्जित झाल्यास देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांस वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेस द्यावी लागते. सभासद हे संस्थेचे मालक नसून काही काळापुरते राखणदार आहेत, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात अशा संस्थेवर दुसरीही देखरेख असते. सार्वजनिक हिताचे उद्दिष्ट असलेली नोंदणीकृत संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. म्हणजे आमच्या रुग्णालयाची नोंद ज्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहे, त्याच कार्यालयाशी व्यवस्थापकांच्या संस्थेचाही संबंध येतो. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकण्यास आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दरवर्षी ३१ मार्च रोजी हिशेब पुरे करून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते.

हे लेखापरीक्षण बेरीज-वजाबाकीपुरते नसते. सभा नियमांप्रमाणे झाल्या काय, इतिवृत्ताची वही ठेवली आहे काय, विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा ऋणको वा धनको आहे काय, गतवर्षी दाखविलेल्या दोषांची पूर्तता झाली काय, या प्रश्नांची उत्तरे लेखापरीक्षकास आपल्या अहवालात द्यावी लागतात. हिशेबाच्या क्षेत्रात वर्षे घालविल्यानंतर आम्ही अनुभवाने सांगू शकतो की, कोणत्याही संस्थेची प्रकृती जाणून घ्यावयाची असेल तर तिच्या समारंभांच्या छायाचित्रांपूर्वी ही पाने वाचावीत.

कायद्यात नसलेल्या, परंतु चांगल्या संस्थेने आपल्या नियमावलीत घालून घ्याव्यात अशा काही गोष्टी आहेत. अध्यक्ष आणि सचिव यांच्या कार्यकाळास मर्यादा असावी. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेत अध्यक्षपद एक वर्षाचे असते; नियोजित अध्यक्ष आधी वर्षभर सोबत राहून काम शिकतात आणि मावळते अध्यक्ष पुढे वर्षभर साहाय्य करतात. त्यामुळे खुर्ची अडत नाही आणि अनुभवही वाया जात नाही. आपल्याकडे अनेक स्वयंसेवी संस्था एका निष्ठावंत व्यक्तीच्या खांद्यावर वर्षानुवर्षे चालतात. त्या व्यक्तीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, ती व्यक्ती निवृत्त होताच कपाटाच्या किल्ल्या कोठे आहेत हेसुद्धा कोणास ठाऊक नसते.

पुरवठादार आणि परिषदा

या विषयातील सर्वांत नाजूक भाग पैशाचा आहे. सभासदांच्या वर्गणीतून मोठी परिषद भरविणे कठीण जाते. मग यंत्रसामग्री, औषधे, संगणक प्रणाली आणि रुग्णालयीन साहित्य पुरविणाऱ्या कंपन्या प्रायोजक म्हणून पुढे येतात. दाराशी त्यांचे स्टॉल लागतात, भोजन त्यांच्या वतीने असते, क्वचित निवासाचीही सोय होते. हेच पुरवठादार दुसऱ्या दिवशी त्याच प्रशासकांकडे कोटेशन घेऊन येतात.

डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न नियमाने हाताळला गेला आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत २००९ मध्ये दुरुस्ती होऊन औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई करण्यात आली. परंतु तो नियम नोंदणीकृत डॉक्टरांपुरता आहे. लाखो रुपयांच्या खरेदीवर सही करणारा बिगरवैद्यकीय व्यवस्थापक त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून व्यावसायिक संस्थेची आचारसंहिता येथे खरोखर कसोटीस लागते. प्रायोजकाचे नाव आणि रक्कम छापील हिशेबात द्यावी, व्याख्यानाचा विषय वा वक्ता ठरविण्याचा अधिकार प्रायोजकास देऊ नये, आणि एकाच पुरवठादारावर परिषदेचा मोठा भार टाकू नये, एवढी पथ्ये पाळली तर देवाणघेवाण निकोप राहते. ती न पाळणारी संस्था व्यवस्थापकांची न राहता विक्रेत्यांची होते.

मर्यादा आणि आमची पद्धत

अशा संस्थेकडून अवाजवी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. सभासदत्व काढून घेतलेल्या व्यक्तीस दुसरे रुग्णालय नोकरी देऊ शकते. त्यास कायद्याची आडकाठी नाही. संस्थेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने ऑक्सिजनची वाहिनी तपासली जात नाही. ती दररोज माणसानेच तपासावी लागते. कोणत्याही रुग्णालयाच्या प्रशासनावरची खरी देखरेख त्याच्या विश्वस्तांची, लेखापरीक्षकांची आणि जागरूक देणगीदारांचीच असते. व्यावसायिक संस्था त्या देखरेखीस पूरक आहे, पर्याय नव्हे.

हे ध्यानी घेऊन या शीर्षाखालील खर्चासाठी आम्ही पुढील पद्धत पाळतो :

१. ज्या संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब सभासदांस दरवर्षी मिळतात आणि जिच्या निवडणुका नियमावलीप्रमाणे होतात, तिचीच वर्गणी रुग्णालयाच्या खर्चातून भरली जाते.

२. संस्थेची आचारसंहिता लेखी असावी आणि ती आमच्या अधिकाऱ्यांनी सही करून स्वीकारलेली असावी, अशी अट आहे.

३. परिषदेस जाणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रवास व निवास यांचा खर्च रुग्णालय करते किंवा तो स्वतः करतो. पुरवठादाराकडून तो घेतला जात नाही.

४. परत आल्यावर अधिकाऱ्याने विश्वस्त मंडळास एक टिपण द्यावयाचे असते. त्यात शिकलेल्या कोणत्या गोष्टी आपल्याकडे लागू करता येतील आणि त्यास किती खर्च येईल, हे नमूद असते. ज्या परिषदेचे टिपण अर्ध्या पानाच्या पुढे जात नाही, तिला पुढील वर्षी कोणास पाठवावयाचे नाही, असा आमचा संकेत आहे.

५. रुग्णालयाचा कोणी अधिकारी अशा संस्थेत पदाधिकारी झाल्यास ते काम तो मानद स्वरूपात आणि विश्वस्त मंडळाच्या लेखी संमतीने करतो.

देणगीदारांस आमची विनंती आहे की, त्यांनी या शीर्षाकडे पुढील वर्षीही बारकाईने पाहावे आणि रकमेबरोबर ही टिपणेही मागवावीत. ती कार्यालयीन वेळेत प्रशासन विभागात पाहावयास मिळतील. रुग्णांच्या नातेवाइकांसही एक सांगावेसे वाटते. बिलाविषयी, निर्धन रुग्ण निधीविषयी वा सोयीसुविधांविषयी शंका असल्यास ती विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांस प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो. परंतु व्यवस्थापकास प्रश्न विचारताना तो मुळीच बाळगू नये. उत्तर देणे हा आमच्या कामाचा भाग आहे.

कायदा उद्या या व्यवसायासाठी नोंदवही ठेवील किंवा ठेवणार नाही. तोवर ज्यांच्या हाती दुसऱ्याचे द्रव्य आणि दुसऱ्याचा जीव सोपविलेला आहे, त्यांनी समव्यावसायिकांपुढे आपली पद्धत उघडी करावी आणि त्यांचे बंधन मान्य करावे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.